बेगडीची जाडी

माझी नात परदेशात चिप बनवण्याच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मागच्या महिन्यात तिनं फोनवर मला स्वतःचं काम समजावून सांगायचा घाट घातला. "आजी, तुला नाही कळायचं, पण सांगते," अशी सुरुवात केली आणि माझं डोकं तिथंच फिरलं. तरी ऐकून घेतलं. चिपवरची नक्षी म्हणे प्रकाशानं उमटवतात. जिथं प्रकाश नको तिथं तो अडवायला मास्क असतो आणि त्या मास्कवर प्रकाश गिळणारा एक थर असतो, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा. प्रकाश त्याच्यावर तिरका येतो. थर जाड केला तर त्याचीच सावली पडून कड बिघडते. पातळ केला तर प्रकाश झिरपतो आणि अडवल्याचा काही उपयोग राहत नाही.

"जाडी किती ठेवायची यावर आमच्याकडे मोठमोठी माणसं भांडतात," ती म्हणाली.

"जाडीवर काय भांडता? पातळ असून उजेड अडवील अशी दुसरी वस्तू शोधा," मी म्हटलं.

तिचा समजावणीचा सूर एकदम गेला. मग हळूच, "आजी, तुला हे कुणी सांगितलं? आम्ही तेच तर शोधतोय."

मी म्हटलं, जळगाव जामोदला शिकले. तिला थट्टा वाटली. म्हणून लिहायला बसले आहे.

जळगाव जामोदला बसस्टँडकडून बाजाराकडे जाताना आमचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली, तिच्या उत्तरेच्या भिंतीला काचा, मागं लहानशी डार्करूम आणि तिच्यामागं आमचं राहतं घर. महाराष्ट्र नवा नवा होता. गावात वीज आली होती, पण तिच्यावर बाबांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी डार्करूमच्या भिंतीला डोक्याच्या वर हातभर एक चौकोनी भोक पाडून त्याला सरकती फळी बसवली होती. फोटो छापायचा म्हणजे चौकटीत काच, तिच्यावर निगेटिव्ह, त्यावर फोटोचा कागद, मागून घट्ट दाब, आणि ती चौकट भोकाखाली धरून फळी सरकवायची. आभाळाचा उजेड तिरका आत यायचा. "एक राम, दोन राम" असे आकडे मोजायचे आणि फळी बंद. आमचं घड्याळ तेवढंच.

फोटोला पांढरी किनार हवी असली किंवा लंबगोल चौकट हवी असली, तर निगेटिव्ह आणि कागद यांच्यामध्ये काळ्या कागदाचा मास्क घालत. हे मास्क मी कापायची. आई मी लहान असताना गेली होती, त्यामुळं मला डार्करूममधून घरात ओढून नेणारं कुणी नव्हतं. मॅट्रिक झाल्यावर तर मी तिथंच राहू लागले. कारण वेगळं होतं. बाबांना दिसेनासं झालं होतं.

ते गावात कुणालाही माहीत नव्हतं. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की मी कॅमेऱ्यावरचं काळं कापड नीट करायच्या निमित्तानं आत शिरायची, काचेवर चेहरा स्वच्छ दिसेपर्यंत भिंग पुढंमागं करायची आणि बाजूला व्हायची. मग बाबा ऐटीत पुढं होऊन फोटो टिपणारा रबरी गोळा दाबायचे. धुणं, छापणं, कापणं माझ्याकडं. कौतुक त्यांचं, बोटांवरचे डाग माझे. औषधानं नखं तपकिरी झाली होती. मला पाहायला आलेल्या एका बाईनं ती बघून विचारलं, "पोरीले काही रोग आहे काय?" मी म्हटलं, "आहे. कामाचा." ते स्थळ परत फिरकलं नाही आणि मला त्याचं तसूभरही वाईट वाटलं नाही.

एका बाजारच्या दिवशी खामगावहून काका आले. बाबांचे धाकटे भाऊ, त्यांचाही स्टुडिओ होता. हातात पिशवी, पिशवीत सुतळीचा मोठा गुंडा. मी पाणी दिलं, त्यांनी गुंडा टेबलावर ठेवला आणि सरळ विषय काढला.

"दादा, तुया डोयाचं मले समजलं. आता कायले ओढून राह्यला? कॅमेरा, स्टँड, चौकटी मी घेऊन जातो. महिन्याले तुले पाठवत जाईन."

"पोरगी करते सगळं," बाबा म्हणाले.

"तेच म्हणतो मी! पोरीची जात, अंधाऱ्या खोलीत किती दिवस कोंडशीन? उद्या तिचं लगन झालं तं कोन करीन? आन् लोकाइले समजलं की फोटो पोरगी काढते, तं कोन येईन?"

मला उकळ्या फुटत होत्या, पण रागाच्या. कॅमेऱ्याच्या पायांना सुतळी गुंडाळायची म्हणजे माझ्या पायांना गुंडाळल्यासारखंच होतं. हे सामान गेलं की मी चुलीपुढं आणि पाहुण्यांपुढं बसणार, एवढं मला लख्ख दिसत होतं. मी काही बोलायच्या आतच दारात दोन माणसं येऊन उभी राहिली.

एक म्हातारा शेतकरी होता, सोनाळ्याहून बसनं आलेला. त्याच्यामागं त्याची सून, माझ्याच वयाची. कपाळ मोकळं. पाच महिन्यांपूर्वी तिचा नवरा साप चावून गेला होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. लग्नात फोटो काढला नव्हता, पण लग्नाआधी नोकरीच्या अर्जासाठी तो आमच्याकडं येऊन गेला होता. काचेची निगेटिव्ह आमच्या पेटीत होती.

म्हातारा म्हणाला, "माया सुनेले त्याच्या बाजूले बसवून द्या. दोघाइचा एक फोटो पाह्यजे. लेकरू येनार हाय. त्याले मायबाप एकासंगं दिसले पाह्यजे."

त्याला आम्ही जोडफोटो म्हणायचो. एकाच कागदावर दोन निगेटिव्ह. आधी एक बाजू मास्कनं झाकून एक माणूस छापायचा, मग छापलेली बाजू झाकून दुसरा. सगळी मदार मास्कवर. बाबांनी जन्मात चारदोनच केले असतील, तेही डोळे चांगले असताना.

काका हसले. "दादा, याले सांगून दे, खामगावले ये म्हनून."

बाबांना ते हसणं लागलं. "इथंच निघन," ते म्हणाले. "पुढच्या बाजारी घेऊन जाजा. आन् तू बी थांब तोवर. जोडाची रेघ दिसली तं सामान बांध. नाही दिसली तं सामान इथंच राह्यन." 'तू बी थांब'पासून पुढचं काकांना होतं.

सुनेला खुर्चीवर बसवलं. तिनं पदर सारखा केला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "कुंकू हाय का?"

काका खाकरले. "बाई, आता तुमाले..."

"फोटोत तो बाजूले बसला राह्यन का नाही?" ती म्हणाली. "मंग?"

सासऱ्यानं मान खाली घातली, पण नाही म्हटलं नाही. मी घरात गेले, माझा करंडा आणला आणि तिच्यासमोर धरला. तिनं चांगलं ठसठशीत लावलं. काकांकडं मी असं पाहिलं की ते बाहेर पान खायला गेले. मग मी कापडात शिरून तिला नेमकं बसवलं, त्याचा खांदा तिच्या पदराच्या कडेला येईल असं. जोड त्या पदराच्या कडेवरूनच जायचा होता.

आता जाडीची गोष्ट. मोठ्या आकाराच्या फोटोच्या कागदाचे आमच्याकडं तीन ताव उरले होते. तेव्हा हा कागद मिळायची मारामार होती. नवा माल कधी येईल ते देव जाणे. बाबा आणि काका दोघंही एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. दोघांचं एकच म्हणणं, मास्क जाड पाहिजे. बाबा तर गेली दोन वर्षं जाडी वाढवतच चालले होते. आधी काळा कागद एकेरी असायचा. मग, "उजेड झिरपून राह्यला, सगळं भुरकट येऊन राह्यलं, अजून एक लाव." दुहेरी झाला, मग तिहेरी. मी मुकाट चिकटवायची.

पहिला ताव मी त्यांच्या म्हणण्याप्रमाणं तिहेरी मास्कनं छापला. औषधाच्या ताटलीत दोघंही छान उमटले, आणि दोघांच्या मधोमध पांढरी रेघ. बोटभर नाही, पण पदराच्या कडेनं वरपासून खालपर्यंत. जाड कागदानं निगेटिव्ह कडेपाशी उचलली गेली होती आणि तिरक्या उजेडात मास्कची सावली दोन्ही वेळा तिथंच पडली होती. त्या पट्टीला कुणाचाच उजेड मिळाला नव्हता. तो एका काठावर, ती दुसऱ्या. साप चावल्यानं जे झालं तेच आम्ही पुन्हा करून ठेवलं होतं.

"दिसते," काका दारातून म्हणाले. त्यांचा हात सुतळीवर होता.

दुसरा ताव मी माझ्या अकलेनं छापला. एकेरी पातळ कागद. रेघ गेली. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं, तेवढ्यात पाहिलं तर त्याचा चेहरा धुरकटलेला. तिला छापताना पातळ कागदातून उजेड झिरपून त्याच्या छापलेल्या तोंडावर बसला होता. साध्या किनारीला एवढं झिरपणं चाललं असतं, चेहऱ्यावर नाही. चुलीमागच्या भिंतीसारखा दिसत होता बिचारा.

एक ताव उरला.

"म्हनून म्हनतो, जाड लाव," बाबा म्हणाले. "ह्या किनारी पाय. जुन्या फोटोत बी भुरकं हाय."

त्यांनी समोरचा जो फोटो दाखवला त्याची किनार दुधासारखी पांढरी होती. मी तो उचलून दारात नेला, उन्हात धरला. कुठं भुरकं नाही की काही नाही. आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. दोन वर्षं जे भुरकट बाबा कागदात बघत होते ते कागदात नव्हतंच. डोळ्यांवर पडदा चढत होता, सगळं जग भुरकट होत होतं, आणि हा माणूस त्यासाठी मास्कला थरावर थर चढवत बसला होता. आणि मी गाढवासारखी चिकटवत बसले होते!

मी मऊपणानं सांगायला हवं होतं. मला तो गुण नाही.

"बाबा, भुरकं कागदात नाही. तुमच्या डोयात आहे."

ते खुर्चीवर बसले. माझ्या हातातला फोटो घेऊन त्यांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "मंग आतापावतर काऊन नाही सांगतलं?"

"तुम्ही इचारलं कधी?"

त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, आणि राग जास्त होता हे मी आजही लपवणार नाही. पण जोडाच्या बाबतीत बाबांचं अर्धं खरं होतं. पातळ कागद झिरपतो हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ते कबूल करणं जिवावर आलं, पण केलं. जाड नको, पातळही नको, आणि यांच्या मधली जाडी घ्यावी तर थोडी रेघ आणि थोडा धूर, दोन्ही येणार. लहान फोटोंच्या कागदाच्या पट्ट्या कापून मी तेही करून पाहिलं. आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढताना वर नजर गेली. आढ्याला माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नातलं बाशिंग बांधलेलं होतं. आमच्याकडं लग्न झालं की बाशिंग तसंच आढ्याला बांधून ठेवतात. धुळीनं माखलेलं, पण दाराच्या उन्हात त्याची बेगड चमकत होती. नुसती चमकत नव्हती. तिच्यामागं भिंतीवर तिची सावली पडली होती, काळीकुट्ट. बेगड म्हणजे कथलाचा वर्ख. फुंकरीनं हलणारा, आणि ऊन म्हणून पलीकडं जाऊ देत नव्हता.

मी केरसुणी तिथंच टाकली आणि बाजारामागच्या गल्लीत गेले. तिथं एक चाचा राहायचे. लग्नसराईत बाशिंगं करायचे आणि मोहरमला ताबूत, दोन्हीला तीच बेगड. मी त्यांना विचारलं, सगळ्यांत पातळ कोणती?

"बेटी, कोनाचं लगन हाय?"

"कोनाचं नाही. फोटोत घालाची आहे."

त्यांनी काही वेड्यासारखं पाहिलं नाही, हेच मला फार आवडलं. कारागिराला कारागिराची गरज कळते. त्यांनी गठ्ठ्यातून एक पान काढलं, डोळ्याला लावून सूर्याकडं पाहिलं आणि बाजूला टाकलं. दुसरं काढलं, तेही टाकलं. "बारीक छेद असतेत. बाशिंगाले चालते, ताबूताले बी चालते. तुले नाही चालनार." सहावं की सातवं पान त्यांनी माझ्या हातात दिलं. "पाय. सुईच्या टोकाएवढं ऊन दिसलं तं वापस आन."

मी पाहिलं. काळोख. उन्हाचा ठिपका नाही.

"हे नुसतं वापरशीन तं चुरगळन," ते म्हणाले. "पतंगीच्या कागदावर चिकटव. खळ एकदम पातळ कर, पानी वाटलं पाह्यजे. आन् काच फिरवून सपाट कर."

तसंच केलं. दोन्ही मिळून जाडी बाबांच्या एका कागदाच्याही निम्मी नव्हती. सुकल्यावर दाढीच्या पात्यानं पदराच्या कडेची रेषा एकाच कापात कापली. एका कापाचे दोन तुकडे, एक तिला झाकायला, एक त्याला. काप चुकला असता तर चाचांकडं दुसरं पान मिळालं असतं, पण ताव एकच होता.

बाजाराच्या आदल्या सकाळी शेवटचा ताव छापायला काढला. काका म्हणाले, "बेगडीनं फोटो? लोकं हासतीन."

"हासू द्या. तुमी बाहेर बसा," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलायची ती पहिली वेळ. शेवटची नव्हती.

आत बाबा होते. त्यांना दिसत नसलं तरी मोजायला तेच हवे होते; त्यांच्याइतकं सारखं मला मोजता येत नसे. मी फळी सरकवली. एक राम, दोन राम. फळी बंद. निगेटिव्ह बदलली, मास्क बदलला, कागद चौकटीच्या त्याच कोपऱ्याला टेकवला. पुन्हा फळी. मग ताटलीत ताव सोडला आणि लाल दिव्यात बघत राहिले. आधी तिचं कुंकू आलं, काळं, कारण तेव्हाच्या निगेटिव्हला लाल रंग काळाच दिसायचा. मग त्याच्या मिशा. मग दोघंही.

"आहे काय रेघ?" बाबांनी विचारलं.

"उद्या गिऱ्हाइकाले विचारा," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि ते त्यांना ऐकू जाऊ द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासरा आणि सून आले. बाबांनी फोटो म्हाताऱ्याच्या हातात दिला. काका मागून वाकून बघत होते, चष्मा कपाळावर, नाक जवळजवळ कागदाला लावून. त्यांना या कामातलं कळत होतं, हे मान्य केलंच पाहिजे.

"रेघ दिसते काय?" बाबांनी विचारलं.

"कायची रेघ?" म्हातारा म्हणाला.

सुनेनं फोटो त्याच्या हातातून घेतला. मग तिनं पदराचं टोक घेऊन फोटोवर नसलेली धूळ पुसली, बरोबर जोडावरून. तिला तिथं जोड आहे हे दिसत नव्हतं, म्हणूनच तसं पुसता आलं.

म्हाताऱ्यानं बाबांना हात जोडले. "तुमच्या हातात जादू हाय मालक."

मी बाबांकडं पाहिलं. दोन वर्षं अशा वाक्यांवर ते मान डोलवत आले होते आणि मी गप्प बसत आले होते. या खेपेला मला गप्प बसवेना.

"हा फोटो मी काढला," मी म्हटलं. "आन् मीच छापला."

"गप वो!" काका खेकसले. "गिऱ्हाइकासमोर..."

"तिनंच काढला," बाबा म्हणाले. आवाज मोठा होता, बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल एवढा. "मले दोन सालापासून दिसत नाही. इथले सारे फोटो माया पोरीनं काढले. ज्याले चालत नसन त्यानं खामगावले जावं."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, माझ्या नखांकडं पाहिलं. आता हा काय म्हणतो, असं झालं मला. सुनेनंच तोंड उघडलं. फोटो पोटाशी धरून ती म्हणाली, "मंग लेकराचा बी तुयाच हातानं काढजो. मी घेऊन येईन."

ती आणि सासरा बसस्टँडकडं गेले. पाठोपाठ काका निघाले. दारात थांबून त्यांनी एकदा कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि मला विचारलं, "बेगड कोनत्या गल्लीतून आनली?" मी सांगितली. त्यांनी विचारलं, यातच सगळं आलं.

त्यांच्या सुतळीचा गुंडा टेबलावरच राहिला. परत पाठवते असं मी म्हटलं नाही, त्यांनीही मागितला नाही. त्याच दुपारी मी तो सोडवला, डार्करूममध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घट्ट ताणून बांधला, आणि पुढची कित्येक वर्षं माझे ओले फोटो त्याच सुतळीवर वाळत घातले.